ताशी चार मैल : इंग्लंडच्या कालव्यावरील एक दिवस

‘कालवा’ हा शब्द उच्चारला की आपणा बडोदेकरांच्या डोळ्यांसमोर नर्मदेचा मुख्य कालवा उभा राहतो. काँक्रीटचे उतरते काठ, मधून वेगाने जाणारे पाणी आणि ‘येथे उतरू नये’ अशी पाटी. गुजरातेत ४५८ किलोमीटर धावणारा हा कालवा शेतीसाठी व पिण्याच्या पाण्यासाठी आहे. त्यात नाव घालावी असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. इंग्लंडमधील कालवा हा याच्या नेमका उलट प्रकार. तेथे पाणी जवळजवळ वाहतच नाही. ते नावेला तरंगत ठेवण्यापुरते साठवलेले असते, आणि सारा कालवा हा पाण्याने भरलेला रस्ताच असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा एका रस्त्यावर मी एक पूर्ण दिवस घालवला. त्या दिवसाचा वृत्तान्त सहलीचा म्हणून लिहिता आला असता, परंतु मला तेथे ज्या कामासाठी बोलावणे होते ते सहलीचे नव्हते.

बोलावणारा माझा वर्गमित्र. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही पाच वर्षे एका बाकावर बसलो, शरीररचनाशास्त्राच्या टेबलावर एकच हात दोघांनी मिळून उलगडला. पुढे तो भूलतज्ज्ञ होऊन १९८१ मध्ये इंग्लंडला गेला आणि तेथेच राहिला. निवृत्तीपूर्वी त्याने व वहिनींनी ५७ फुटांची एक नॅरोबोट घेतली, आणि उन्हाळ्याचे तीन-चार महिने ती दोघे तिच्यावरच राहू लागली. २०२० साली त्याला कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान झाले. लंडनला मुलीकडे मी गेलो आहे हे कळताच त्याचा फोन आला.

“अरे, क्लिनिकमध्ये मला दहा मिनिटे पाहतात. बोटे आपटायला सांगतात, खोलीभर चालवतात. नाव चालवताना मला कोणी पाहिलेले नाही. तू एक दिवस ये, नीट पाहा आणि मला सांग, मी हे बंद करावे का?”

मोटार चालवण्यासाठी तेथे अशा रुग्णाला परवाना खात्याला कळवावे लागते, तपासणी होते. नावेचे तसे नाही. परवाना नावेला लागतो, चालवणाऱ्याला कसलीही परीक्षा नाही. म्हणजे निर्णय सर्वस्वी त्याचा. वहिनींना भीती वाटत होती आणि ती बोलून दाखवली की घरात दोन दिवस अबोला होत असे. हे सर्व मी त्याच्या संमतीनेच लिहीत आहे. “स्मरणिकेत लिही, आपल्यातल्या आणखी कोणाला तरी हाच प्रश्न पडला असेल,” असे तोच म्हणाला.

सकाळी आठ वाजता आम्ही नॉर्थँप्टनजवळच्या ब्लिसवर्थ गावाच्या काठाहून निघालो. नॅरोबोट म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे. लांबी सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत असू शकते, परंतु रुंदी फक्त ६ फूट १० इंच! आगगाडीचा एखादा डबा अंग चोरून पाण्यात उतरावा तशी ती दिसते. या विचित्र प्रमाणाला कारण आहे. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मध्य इंग्लंडातील कालव्यांची लॉक्स सुमारे सात फूट रुंदीची बांधली, आणि तेव्हापासून नावांनी त्या मापाचे कपडे शिवले. आत शिरल्यावर मात्र आश्चर्य वाटते. एकामागे एक स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर, शेजघर. वहिनींच्या ओट्यावर पोळपाट-लाटणे होते आणि फळीवर गोडा मसाल्याची बरणी.

वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरांच्या आतच. काठावरची उभी नाव दिसली की त्याहूनही हळू जायचे, नाहीतर आपल्या लाटेने तिचे दोर ताणले जातात व आतल्या माणसाचा चहा सांडतो. काठाच्या पायवाटेवरून कुत्रा फिरवणारे एक आजोबा पाऊण तास आमच्या बरोबरीने चालत होते. शेवटी ते पुढे निघून गेले.

ही पायवाट मूळची घोड्यांची. चिखलाच्या रस्त्यावर घोड्याच्या पाठीवर दोन-अडीच मण ओझे जाई. तोच घोडा स्थिर पाण्यावरची तीस टनांची नाव काठावरून दोराने ओढू शके. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी कालवा काढला आणि त्या शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालवे खणण्याची साथच आली. वैद्यकीय वाचकांना एक गोष्ट येथे सांगण्याजोगी वाटते. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यासाठी खटपट करणाऱ्यांत दोन मित्र होते. एक चिनी मातीची भांडी करणारा जोसाया वेजवुड आणि दुसरा लिचफील्डचा डॉक्टर इरॅस्मस डार्विन, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. खडबडीत रस्त्यावर भांडी फुटत, पाण्यावर फुटत नसत, हे वेजवुडचे साधे गणित. त्याने १७६६ मध्ये या कालव्याची पहिली कुदळ मारली. लहानपणी देवी आल्याने त्याचा उजवा गुडघा निकामी झाला होता, आणि १७६८ मध्ये तो पाय कापावा लागला. भूल देण्याची विद्या जन्माला यायला तेव्हा पाऊणशे वर्षे अवकाश होता. माझा भूलतज्ज्ञ मित्र ही कथा सांगताना दरवेळी “केवळ अफूवर!” म्हणून क्षणभर थांबतो.

आम्ही ज्यावरून जात होतो तो ग्रँड युनियन कालवा. त्याचा हा भाग मूळचा ग्रँड जंक्शन कालवा, १७९३ च्या कायद्याने मंजूर झालेला, ब्राउन्स्टनपासून लंडनजवळ ब्रेंटफर्डपर्यंतचा. याची लॉक्स चौदा फूट रुंदीची, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी मावतील अशी.

मी मित्राच्या शेजारी नावेच्या मागच्या टोकाशी उभा होतो आणि माझे खरे काम चालू होते. सुकाणूच्या पितळी दांड्याला टिलर म्हणतात. नावेचे तोंड डावीकडे न्यायचे तर दांडा उजवीकडे ढकलावा लागतो. शिवाय नाव मोटारीसारखी पुढून वळत नाही, पोटाजवळच्या एका बिंदूभोवती फिरते, त्यामुळे तोंड आत आले की शेपूट बाहेर जाते. मित्राचा उजवा हात मोकळा असला की अंगठा व तर्जनी गोळी वळल्यासारखी हलत. टिलरवर हात ठेवला की कंप थांबे. हे आपण पुस्तकात वाचतो, की हा कंप विश्रांतीचा आहे, हेतुपूर्वक हालचालीत तो कमी होतो. परंतु पुस्तकात वाचणे वेगळे आणि ज्या हाताने आपल्याला क्रिकेटमध्ये चकवणारे चेंडू टाकले तो हात पाहणे वेगळे. मी टिपणवहीत लिहिले : ‘टिलर : उत्तम.’

साडेनवाला ब्लिसवर्थचा बोगदा आला. ३०७६ यार्ड, म्हणजे २८१३ मीटर लांब. याचा पहिला प्रयत्न १७९६ मध्ये कोसळला, वाहती वाळू लागली आणि चौदा मजूर मेले. मग जागा बदलून नवा बोगदा खणला, तो १८०५ मध्ये खुला झाला. मधल्या काळात माल टेकडीवरून घोड्यांच्या रुळगाडीने नेत. बोगद्यात पायवाट नाही. घोडा टेकडीवरून चालत जाई आणि नाव माणसे नेत. तीही हाताने नव्हे! नावेच्या पुढल्या टोकावर आडव्या फळ्या टाकून दोघे उताणे झोपत आणि भिंतीवर पाय टाकत टाकत, जणू भिंतीवरून चालत, तीस टन पुढे सरकवत. अशा ‘लेगर’ लोकांना बिल्ले मिळत. दोन किलोमीटर आठशे मीटर, अंधारात, उताणे.

पुढे वाफेच्या नावा आल्या आणि १८६१ मध्ये येथे एक दुर्घटना झाली. ‘बी’ नावाची वाफेची नाव बोगद्यात असताना धूर कोंडला आणि दोन माणसे गुदमरून दगावली. त्यानंतर हवा खेळावी म्हणून झरोक्यांच्या विहिरींकडे लक्ष दिले गेले. मित्राचा हा आवडता विषय. इंजिनाच्या घरघरीवरून ओरडून तो मला सांगू लागला की कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक चिवटपणे चिकटतो, आणि आपला विश्वासू पल्स ऑक्सिमीटर दोघांतला फरक ओळखत नाही, त्यामुळे रुग्ण मरणाच्या दारात असतानाही तो ९८ दाखवू शकतो. आजही नावेतल्या लाकूड-कोळशाच्या शेगडीने थंडीत हाच धोका असतो. राहण्याची सोय असलेल्या नावांना १ एप्रिल २०१९ पासून या वायूची सूचना देणारे यंत्र सक्तीचे आहे. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने बेशुद्ध झालेला तरुण ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

बोगद्यात दोन नावा समोरासमोर येऊ शकतात. नियम असा की उजवीकडे राहायचे. मध्यावर आम्हाला एक दिवा दिसला. तो इतका दूर होता की जवळ येतो आहे हेच कळेना, आणि मग एकाएकी तो समोर आला. दोन लोखंडी नावा, मध्ये हातभर अंतर, वरून झरोक्याचे बर्फासारखे पाणी मानेवर. मी श्वास रोखला होता. मित्राने गती कमी केली, दांडा दोन बोटे हलवला, आणि समोरच्या अंधारातून कोणी बाई “गुड मॉर्निंग” म्हणून निघून गेल्या. चाळीस मिनिटांनी उजेडात आलो तेव्हा माझ्या वहीत दुसरी नोंद होती : ‘बोगदा : माझ्यापेक्षा बरा.’ खरे सांगायचे तर निष्कर्ष मी तेथेच काढून टाकला होता. वहिनींची भीती अनाठायी आहे असे संध्याकाळी कोणत्या शब्दांत सांगावे याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली होती. तपासणी अर्ध्यावर असताना निदान करू नये हे विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

बोगद्याबाहेर स्टोक ब्रुअर्न हे गाव आहे. काठावरच्या जुन्या धान्याच्या गिरणीत १९६३ पासून कालव्यांचे संग्रहालय आहे. त्यातील रंगीत डबे, गुलाब व किल्ले रंगवलेल्या बादल्या पाहून होतात, परंतु मला खिळवून ठेवले ते सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिकेच्या स्मृतीने. या गावातल्या दोर विकणाऱ्याची ही मुलगी. परिचारिकेचे काम शिकून, बाहेर नोकरी करून परतली आणि कालव्याकाठच्या आपल्या घरातच तिने दवाखाना उघडला, नावांवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी.

या कुटुंबांची स्थिती आपणास कल्पनेने जाणता येईल, कारण ऊसतोडणी कामगार व वीटभट्टीवरचे मजूर आपल्या ओपीडीत येतात. सारे कुटुंब मागच्या दहा फूट लांबीच्या खोलीत. माल पोचवल्याखेरीज पैसे नाहीत, म्हणून थांबायचे नाही. मुले आज या गावी, उद्या त्या गावी, त्यामुळे शाळा नाही, अक्षरओळख नाही, आणि पत्ताच नसल्याने कोणत्याही डॉक्टरच्या यादीत नाव नाही. जॉर्ज स्मिथ नावाच्या समाजसुधारकाच्या धडपडीने १८७७ मध्ये कालव्यावरील नावांचा कायदा झाला, नोंदणी आली, आरोग्य निरीक्षक आले. त्या नियमांत मागच्या खोलीत प्रौढ माणसामागे ६० घनफूट आणि बारा वर्षांखालील मुलामागे ४० घनफूट जागा असावी असे ठरवले होते. ६० घनफूट म्हणजे चार फूट बाजूच्या पेटीपेक्षाही किंचित कमी. आणि ही सुधारणा होती!

सिस्टर मेरीच्या दारात नावा थांबत. गरोदर स्त्रिया, भाजलेली मुले, लॉकमध्ये चिरडलेली बोटे. सुरुवातीला औषधे ती पदरच्या पैशाने आणी. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांची पत्रे वाचून दाखवी. फिरत्या रुग्णाची पुढची भेट कशी साधायची हा जो प्रश्न आपल्या क्षयरोग कार्यक्रमाला आजही छळतो, तो तिने रुग्णांच्या वाटेवरच घर करून सोडवला. १९५१ मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले. १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यात कालवे गोठले, मालवाहतूक बहुतांशी संपली आणि तिचे रुग्णही पांगले. रस्ते व रेल्वे यांपुढे कालवे केव्हाच हरले होते. ते बुजले नाहीत याचे श्रेय १९४६ मध्ये संघटना उभारणाऱ्या रोल्ट व एकमन यांच्यासारख्या हौशी मंडळींना. आज इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ साली स्थापन झालेला एक न्यास सांभाळतो.

तिच्या घरासमोर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. चहा झाला, चीजचे सँडविच झाले. नाव सोडली तेव्हा पाऊण वाजला होता.

स्टोक ब्रुअर्नला एकापाठोपाठ सात लॉक्स आहेत, आणि दक्षिणेकडे जाताना सातांत मिळून सुमारे ५६ फूट खाली उतरायचे असते. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असलेला विटांचा लांबोळका हौद. वरच्या पाण्याच्या पातळीला हौद भरलेला असतो, नाव आत शिरते, मागचे दरवाजे लावतात. मग पुढच्या दरवाज्यातल्या झडपा विंडलास नावाच्या काटकोनी लोखंडी हॅंडलने दात्याच्या पट्टीवर चढवायच्या. पाणी खाली सुटते, नाव लिफ्टसारखी उतरते, पातळी खालच्या पाण्याशी जुळली की दरवाजे उघडतात. ते पातळी जुळल्याखेरीज उघडतच नाहीत, कारण दोन पाने पाण्याच्या दाबाच्या दिशेने टोकदार कोन करून मिटलेली असतात आणि पाणीच त्यांना दाबून धरते. हृदयाच्या झडपेचे तत्त्व हेच. येथे कोठे पंप नाही, इंजिन नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. मी मनाशी हिशोब केला : ७२ फूट लांब, १४ फूट रुंद, ८ फूट उतार, म्हणजे एका वेळी सव्वादोन लाख लिटर पाणी खाली जाते. म्हणून माथ्यावर तलाव राखावे लागतात.

वहिनी डाव्या काठावर, मी उजव्या, मित्र नावेत मागे एकटा. पहिली तीन लॉक्स सुरळीत झाली. चौथ्याला जे घडले ते समजण्यासाठी एक शब्द कळला पाहिजे : सिल, म्हणजे उंबरठा. वरचे दरवाजे ज्या दगडी उंबरठ्यावर टेकतात तो हौदाच्या आत काही फूट पुढे आलेला असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरताना नावेचे शेपूट त्यावर असेल तर शेपूट अडकते, तोंड उतरत राहते, आणि नाव कलून बुडू शकते. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, तिच्या पुढे राहायचे. त्यासाठी मागे उभ्या असलेल्याने मधूनमधून इंजिन पुढे टाकून नाव सावरायची.

मी झडप चढवली आणि खालच्या फेसाळ पाण्याकडे पाहत राहिलो. “झडप पाड! झडप पाड!” वहिनींचा आवाज आला. वर पाहतो तो नाव मागे सरकली होती, सुकाणू पांढऱ्या रेघेच्या मागे. मित्र टिलरला धरून उभा, डोळे रेघेवर, दुसरा हात इंजिनाच्या दांडीवर, आणि तो हात हलत नव्हता. दगडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. शेपूट थांबले. तोंड मात्र खाली जाऊ लागले.

दोन्ही झडपा पडायला वीस सेकंदे लागली असतील. आत कपाटातली भांडी घसरल्याचा आवाज मी ऐकला. वहिनी वरच्या टोकाकडे धावल्या आणि काठाची, जमिनीखालून पाणी सोडणारी झडप त्यांनी हळूहळू, दोन-दोन दाते करून चढवली. पाणी पुन्हा चढले आणि शेपूट सुटले. इजा कोणालाही नाही. मी उतरून त्याच्याजवळ गेलो. चेहरा निर्विकार. अर्थात तो या आजारात तसाच दिसतो, आतले वादळ बाहेर दिसत नाही.

“मला दिसत होते,” तो म्हणाला, आवाज अगदी खाली गेलेला. “पुढे टाक, पुढे टाक, असे मी हाताला सांगत होतो. तो ऐकेना.”

मी घड्याळ पाहिले. दीड वाजून गेला होता. “साडेअकराची गोळी?”

त्याने खिशातून डबी काढली. गोळी डबीतच होती. संग्रहालयात, सिस्टर मेरीच्या गप्पांत, आम्ही तिघेही विसरलो होतो. तीन माणसे, त्यांपैकी दोन डॉक्टर, आणि ज्या तपासणीसाठी मी आलो त्या तपासणीचा पहिला प्रश्न, ‘औषध केव्हा घेतले?’, तो मी सकाळपासून एकदाही विचारला नव्हता. वर चीजमधली प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणाच्या आड येतात ते वेगळेच.

गोळी घेऊन परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास जाणार. मागे कोणी नाव नव्हती. वहिनी काही न बोलता टिलरपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मित्र काठावर उतरला. पायवाटेवर त्याचे पाऊल उचलेना. बूट जमिनीला चिकटल्यासारखे, गुडघे थरथरत, शरीर पुढे आणि पाय मागे. मी दंड धरून त्याला पाचव्या लॉकपर्यंत नेले आणि बस म्हणालो.

तो बसला नाही. लॉकच्या दरवाज्याला बाहेरच्या बाजूस एक लांब जाड तुळई असते, ती ढकलली की दरवाजा फिरतो. ढकलणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून तुळईच्या फिरण्याच्या वाटेवर, पंख्याच्या काड्यांप्रमाणे, बोटभर वर आलेल्या विटांच्या ओळी बसवलेल्या असतात. मित्राने तुळईला हात लावला, खाली पाहिले, आणि पहिल्या ओळीवर पाऊल टाकले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पाऊल न अडखळता, स्वच्छ. दरवाजा उघडला. दोन मिनिटांपूर्वी ज्याला सपाट वाट चालता येत नव्हती तो ओळींवरून सरळ चालत होता.

हे नवल नाही, ज्ञात आहे. गोठलेल्या चालीला जमिनीवरच्या आडव्या रेघा सोडवतात. स्वयंचलित चाल चालवणारी मेंदूच्या तळाची केंद्रे दुबळी झाली तरी, डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणेवर जाणीवपूर्वक पाऊल टाकण्याची वाट शाबूत असते. आपण घरात फरशीवर रंगीत पट्ट्या लावायला सांगतो. दोन शतकांपूर्वीच्या गवंड्यांनी घोडेवाल्यांच्या बुटांसाठी बसवलेल्या विटा हे काम करतील हे मात्र माझ्या ध्यानी आले नसते. मी वही काढली नाही. फक्त त्याला सांगितले की तुळईला पाठ लावून उलटे चालायचे नाही, आणि दरवाज्यावरून पलीकडे कधीही जायचे नाही. पलीकडच्या काठावर दुसरे कोणी हवेच.

उरलेली लॉक्स वहिनींनी नाव सांभाळून व आम्ही दोघांनी काठावरून पार केली. सातवे संपले तेव्हा त्याची चाल मोकळी झाली होती. माझ्या हाताला विंडलासने खरचटले होते, तर वहिनींनी साबणाने धुवायला लावून वर जलरोधक पट्टी चिकटवली. कालव्यात उंदरांच्या मूत्राने लेप्टोस्पायरा असू शकतो. अ‍ॅडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये वर्णिलेला हा आजार इंग्लंडमध्ये विरळा, परंतु सुरत-वलसाडचे भातशेतीचे रुग्ण पाहिलेल्या माणसाने पट्टीला नाही म्हणू नये.

पुढे पाच मैल एकही लॉक नाही. कुरणे, गायी, विलोची झाडे. त्या दोन तासांत तो व वहिनी आळीपाळीने टिलरवर होते आणि कोणी फारसे बोलले नाही. साडेतीनची गोळी, मधल्या उशिराचा हिशोब धरून, आम्ही साडेपाचला ठरवली आणि त्याने फोनवर गजर लावला.

कॉसग्रोव्हच्या नक्षीदार दगडी पुलाखाली त्याने विचारले, “मग डॉक्टर?”

मी म्हणालो, “बोगद्यात तू माझ्यापेक्षा बरा आहेस. सरळ वाटेवर, गोळी वेळेवर असताना, तू नाव चालव, शेजारी कोणी असू दे. लॉकमध्ये नाव तुझ्या हाती नको. एकदाही नको, बरे वाटत असले तरी नको. लॉकचा काठ तुझा, नाव वहिनींची.”

“आणि तिसरा माणूस?”

“तो शोधावा लागेल. तिसरा नसेल त्या दिवशी लॉक नाही.”

तो थोडा वेळ गप्प होता. “चाळीस वर्षे दुसऱ्यांना झोपवून मी घड्याळ पाहत बसलो,” तो म्हणाला, “आणि आज स्वतःचेच चुकलो.” मग वहिनींकडे वळून, “तुला कधीपासून एवढी नाव येते?”

“आठ वर्षे तुमच्या मागे उभी राहून पाहते आहे,” वहिनी म्हणाल्या.

कॉसग्रोव्हचे एकुलते लॉक उथळ आहे. त्याचा दरवाजा त्याने उघडला. त्यानंतर थोड्याच अंतरावर कालवा ग्रेट ऊज नदीवरून लोखंडी नळीतून जातो. मूळचा विटांचा जलसेतू १८०८ मध्ये कोसळला, म्हणून १८११ मध्ये ही बिडाची नळी बसवली. खाली नदी, वर कालवा, आणि मध्ये आपण. वहिनी टिलरवर होत्या. तो पुढच्या टोकाशी जाऊन बसला होता व खाली नदीत पाहत होता. त्याच्या मांडीवरचा हात हलत होता, आणि त्याने तो लपवला नाही.

पलीकडे नाव बांधेपर्यंत सहा वाजून गेले. वहिनींनी पोळ्या लाटायला घेतल्या. मी लंडनची गाडी गाठायची म्हणून पिशवी भरत होतो, तर ती दोघे पुढच्या मोसमात तिसरा माणूस म्हणून कोणाकोणाला विचारता येईल यांची यादी करत बसली होती. यादीत माझे नाव दुसरे होते. पहिले कोणाचे ते मला सांगितले नाही.